एक बॉट, चार गट: काय जोडायचं आणि काय जोडायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या काही द्राक्ष बागायतदारांचा टेलिग्रामवर गट आहे. त्यांचे सल्लागारही तिथेच असतात. नाशिकच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या चार मुलांनी या बागांमध्ये छोटी हवामान केंद्रं बसवली आहेत. ही मुलं डिस्कॉर्डवर भेटतात. केंद्राचं मूळ सॉफ्टवेअर लिहिणारा त्यांचा सिनियर आता पुण्यात नोकरीला आहे आणि तो आयआरसी ही जुनी, फक्त मजकुराची चॅट पद्धत सोडायला तयार नाही. गावाचा मोठा गट अर्थातच व्हॉट्सॲपवर. सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून मुलांनी मॅटरब्रिज, म्हणजे एका गटातला मेसेज दुसऱ्या गटात पोचवणारा निरोप्या बॉट, लावला. आता काही मेसेज दोन-दोनदा येतात, पानांचे फोटो पोचत नाहीत, मराठी मजकूर मध्येच तुटतो आणि कोण बोललं तेच कळत नाही. सेटिंग कुठे चुकलं?

सेटिंग चार-पाच ठिकाणी चुकलं आहे, आणि ती सगळी ठिकाणं अर्ध्या तासात दुरुस्त होतील. मूळ अडचण मात्र "सगळ्यांना सगळं दिसावं" या वाक्यात आहे. तुम्ही चारही गट एकाच गेटवेत, म्हणजे एकाच जोडणीत, घातलेत. निरोप्या बॉट लावताना खरं काम असतं ते काय पोचवायचं नाही हे ठरवण्याचं. ते ठरलं की फाइल लिहायला वेळ लागत नाही.

म्हणून आधी कागदावर चार गोल काढा आणि प्रत्येक बाणाला विचारा: हा मेसेज त्या बाजूला कुणाला, कशासाठी हवा? गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) कोवळी फूट निघालेली असताना ऑक्टोबरात पाऊस झाला की सकाळी सहाला टेलिग्रामवर डाऊनी या बुरशी रोगाचे फोटो पडायला लागतात. ते सल्लागारांना हवेत. मुलांना हवेत, कारण पान किती वेळ ओलं राहिलं याचा त्यांच्या सेन्सरचा आकडा त्या फोटोशी ताडून बघता येतो. पुण्याच्या सिनियरला त्यातलं काहीही नको. त्याला हवं ते "तीन नंबरचं केंद्र रात्री दोनपासून गप्प आहे" एवढंच. आणि व्हॉट्सॲपच्या गटात लग्न, दहावे, पिंपळगावचे कांद्याचे भाव आणि शुभ सकाळची फुलं असतात. त्यातलं एकही वाक्य बाकीच्या तिघांकडे जायची गरज नाही.

यातून दोन गेटवे निघतात. पहिला 'बाग': टेलिग्रामचा गट आणि डिस्कॉर्डवरची बागेची खोली, दोन्ही बाजूंनी. दुसरा 'यंत्र': डिस्कॉर्डवरची दुरुस्तीची खोली आणि आयआरसीचं चॅनेल, दोन्ही बाजूंनी. व्हॉट्सॲप दोन्हीत नाही. त्याची कारणं शेवटाकडे येतील.

मॅटरब्रिजची सेटिंगची फाइल टॉमल पद्धतीची (साध्या मजकुराची) असते आणि तिचे ढोबळ तीन भाग पडतात. पहिल्यात खाती: प्रोटोकॉलचं नाव, टिंब आणि तुम्ही दिलेलं टोपणनाव असा मथळा, त्याखाली टोकन (बॉटची गुप्त किल्ली) किंवा सर्व्हर. दुसऱ्यात सर्वांना लागू होणाऱ्या गोष्टी. तिसऱ्यात गेटवे, म्हणजे कोणत्या खात्याचं कोणतं चॅनेल कुणाशी जोडायचं. गेटवेत प्रत्येक चॅनेलला 'इन', 'आउट' किंवा 'इनआउट' यांपैकी एक दर्जा देता येतो. पाइपलाइनवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवता तसंच: 'इन' म्हणजे तिथलं इकडे येईल, इकडचं तिकडे परत जाणार नाही. बहुतेक जण नमुना फाइलमधलं 'इनआउट' तसंच उचलतात आणि बाकीचे दोन दर्जे असतात हेही विसरतात. एकच खातं दोन गेटवेंत वेगवेगळ्या चॅनेलसाठी चालतं, त्यामुळे डिस्कॉर्डसाठी दोन बॉट करायची गरज नाही. (सेटिंगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. फाइलमध्ये ती नमुना फाइलमध्ये आहेत तशीच, स्पेलिंगसकट टाका.)

आता दुहेरी मेसेज. मॅटरब्रिज स्वतःचे मेसेज ओळखतो आणि परत फिरवत नाही. दुसऱ्या निरोप्याचे मात्र त्याला ओळखता येत नाहीत. तुमच्याकडे जवळपास नक्की दोन प्रती चालू आहेत: एक नव्या सर्व्हरवर आणि एक चारपैकी एका मुलाच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या वेळची. डिस्कॉर्डवरचा मेसेज पहिला बॉट आयआरसीवर टाकतो, दुसऱ्याला तो नवा मेसेज वाटतो आणि तो डिस्कॉर्डवर परत टाकतो. खात्री करायची असेल तर आयआरसीच्या यादीत बघा. तुमच्या बॉटच्या नावाशेजारी तेच नाव शेवटी अंडरस्कोर लावून दिसत असेल तर ती दुसरी प्रत: नाव आधीच घेतलेलं असल्यामुळे तिने शेपूट लावून प्रवेश केला. टेलिग्रामवर लक्षण वेगळं दिसतं. तिथे एकाच टोकनवर दोन प्रती मेसेज मागायला लागल्या तर सर्व्हर एकीला ४०९ क्रमांकाची चूक परत देतो, आणि मेसेज कधी या प्रतीकडे तर कधी त्या प्रतीकडे जातात. लॅपटॉपवरची प्रत बंद करा. एवढ्याने न थांबवता टेलिग्रामच्या बॉटफादरकडून (तिथे बॉटची नोंदणी करणारा अधिकृत बॉट) जुनं टोकन रद्द करून नवं घ्या, म्हणजे विसरलेली तिसरी प्रत कुठे असलीच तर टेलिग्रामच्या बाजूने तीही मरेल.

हा फेऱ्यांचा रोग जुना आहे. आयआरसी १९८८ मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलं. १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ म्हणून लिहिले गेले, तेव्हाच त्यात 'नोटिस' नावाचा वेगळा मेसेजप्रकार होता आणि नोटिसला कुठल्याही यंत्राने आपोआप उत्तर द्यायचं नाही अशी सक्त अट होती. दोन बॉट एकमेकांना उत्तरं देत बसतील ही भीती तेव्हाही होती. मुलांना स्वतःचा छोटा बॉट आयआरसीवर ठेवायचा असेल तर त्याला नोटिसमध्येच बोलायला शिकवा.

"काही जणांचं लिहिलेलं कुठेच जात नाही" असंही तुम्ही म्हणालात. ही टेलिग्रामची प्रायव्हसी मोड. नवा बॉट गटात घातला की त्याला फक्त आदेश आणि त्याला दिलेली उत्तरं दिसतात, बाकीची चर्चा दिसत नाही. बॉटफादरकडे जाऊन सेट-प्रायव्हसी बंद करा आणि मग बॉटला गटातून काढून पुन्हा घ्या. हे काढून-घेणं लोक गाळतात आणि दोन दिवस डोकं आपटत बसतात. शिवाय साधा गट पुढे सुपरग्रुप झाला की त्याचा क्रमांक बदलतो. नवा क्रमांक उणे १०० ने सुरू होतो, आणि फाइलमध्ये जुना राहिला तर बॉट मुकाट उभा राहतो. क्रमांक फाइलमध्ये अवतरणचिन्हांत लिहायचा, साधा आकडा म्हणून नाही.

डिस्कॉर्डवर याचीच भावंडं आहेत. डेव्हलपर पोर्टलमध्ये 'मेसेज कंटेंट इंटेंट' चालू केलं नसेल तर बॉटला मेसेज आल्याचं कळतं, आत काय आहे ते कळत नाही. ही परवानगी २०२२ पासून वेगळी मागावी लागते, त्यामुळे त्याआधीच्या मार्गदर्शिका वाचून केलेली मांडणी हमखास इथे अडते. शेजारचं 'सर्व्हर मेंबर्स इंटेंट'ही चालू ठेवा.

कोण बोललं ते न कळण्याचं कारण 'रिमोट निक फॉरमॅट'. नाव कसं दिसावं हे तिथे ठरतं, आणि ते ज्या बाजूला मेसेज *दिसणार* त्या खात्याखाली लिहायचं असतं. टेलिग्रामच्या लोकांची नावं डिस्कॉर्डवर कशी दिसावीत हे डिस्कॉर्डच्या विभागात ठरवायचं. तुम्ही ते टेलिग्रामखाली लिहून डिस्कॉर्डवर बघत बसलात. डिस्कॉर्डवर खरं तर 'ऑटो वेबहुक्स' चालू करा आणि बॉटला वेबहुक हाताळायची परवानगी द्या. मग प्रत्येक मेसेज त्या-त्या माणसाच्या नावाने येतो, "बॉट म्हणतो की अमुक म्हणाले" असा दिसत नाही. वाचणाऱ्याचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

शेतकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी टेलिग्रामवर युजरनेम घेतलेलं नसतं, आणि ज्यांनी घेतलंय त्यांचं 'किंग' आणि आकडे असं काहीतरी असतं. 'यूज फर्स्ट नेम' चालू केलं की पहिलं नाव दिसेल. पण एका गावात तीन संदीप असतात, म्हणून नव्या आवृत्तीतली पूर्ण नावाची सोय घ्या. इतकं करूनही एखाद्याचं नाव येत नसेल तर तो गटाचा ॲडमिन असेल आणि त्याने स्वतःला अनामिक ठेवलं असेल. अशा वेळी टेलिग्रामच नाव देत नाही. त्यांना ते बंद करायला सांगा, तुमच्या फाइलमध्ये त्याला इलाज नाही.

आता मराठी मजकुराचं तुटणं. यावर जरा थांबतो, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत हे कुठेच सापडत नाही. तिथे लिहिणाऱ्यांना ही अडचण येतच नाही.

यूटीएफ-८ मध्ये (संगणकात मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'नाशिक' म्हणजे न, काना, श, वेलांटी, क: पाच चिन्हं, पंधरा बाइट. 'द्राक्ष' सात चिन्हं, एकवीस बाइट. आयआरसीचा एक मेसेज सगळं धरून ५१२ बाइटांचा असतो. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता आणि चॅनेलचं नावही येतं, म्हणून मॅटरब्रिज मजकुरासाठी ४०० धरतो. इंग्रजीत चारशे अक्षरं म्हणजे ऐसपैस परिच्छेद. मराठीत सुमारे १३३ चिन्हं, म्हणजे वीसेक शब्द. त्यापुढचं कापून तिथे 'मेसेज कापला' अशी खूण टाकली जाते. 'मेसेज स्प्लिट' चालू केलं तर कापण्याऐवजी पुढचा भाग दुसऱ्या ओळीत येतो, पण तोडताना तो बाइट मोजतो आणि चिन्ह तेवढं अख्खं ठेवतो, शब्द बघत नाही. 'फवारणी'चा ण एका ओळीत आणि वेलांटी पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, ठिपक्यांच्या गोलावर बसलेली, असं दिसू शकतं. वाचता येतं, देखणं नसतं.

डिस्कॉर्डवरही हेच होतं आणि तिथे कुणाला संशय येत नाही. डिस्कॉर्डची मर्यादा २००० अक्षरांची. मॅटरब्रिज सुरक्षित अंतर ठेवून १९५० वर कापतो, पण मोजतो बाइट. म्हणजे मराठी सल्ला साडेसहाशे चिन्हांच्या आसपास छाटला जातो, डिस्कॉर्डला तो सहज पेलला असता तरी. टेलिग्रामवर एका मेसेजला ४०९६ अक्षरांची मुभा आहे, त्यामुळे सल्लागार तिथे आठवड्याचं पूर्ण वेळापत्रक एका दमात लिहितात आणि डिस्कॉर्डवर त्याचं डोकं तेवढं पोचतं. डिस्कॉर्डच्या विभागात 'मेसेज स्प्लिट मॅक्स काउंट' चार-पाच करून ठेवा, म्हणजे तो एका लांब मेसेजचे तितके तुकडे पाठवेल.

नावांतही एक देवनागरी गंमत आहे. आयआरसीवर कुणाचं नाव उच्चारलं की त्याच्याकडे घंटी वाजते. बॉट प्रत्येक मेसेजआधी नाव लिहितो, त्यामुळे दोन्हीकडे असलेल्या माणसाला स्वतःच्याच मेसेजची घंटी येते. त्यावर 'नो-पिंग-निक' असा पर्याय आहे, तो नावातल्या पहिल्या चिन्हानंतर एक अदृश्य शून्य रुंदीची जागा घालतो. रोमन नावात ती दिसत नाही. 'संगीता' लिहिलेल्या नावात मात्र स सुटा पडतो आणि अनुस्वार पुढच्या बाजूला ठिपक्यांच्या गोलावर चढतो. मराठी नावं असलेल्या गटात हा पर्याय वापरू नका, साधं 'निक' पुरे.

गाळणीचा सापळा याहून वाईट. 'इग्नोर मेसेजेस' मध्ये नमुने लिहिले की त्यांना जुळणारे मेसेज पुढे जात नाहीत. टेलिग्रामवरच्या शुभ सकाळ थांबवायला तुम्ही तिथे सरळ 'शुभ सकाळ' लिहिलंत. पण ही यादी जागा सोडून वेगळी केली जाते, म्हणजे बॉटने ते दोन नमुने म्हणून वाचलं: 'शुभ' आणि 'सकाळ'. "आज सकाळी फवारणी केली, दुपारी पाऊस आला, परत घ्यावी का?" हा मेसेज त्यात अडकतो, आणि नेमका तोच पोचायला हवा होता. दोन शब्दांच्या मध्ये जागेऐवजी उलटी तिरकी रेघ आणि लहान एस लिहा, म्हणजे ती नमुन्यातली जागा समजली जाईल. आणि सुरुवातीला टोपीचं चिन्ह लावा, म्हणजे मेसेज त्याच शब्दांनी सुरू होत असेल तरच अडेल. इंग्रजीत शब्दाची सीमा दाखवायला उलटी रेघ आणि बी वापरतात. मॅटरब्रिज गो भाषेत लिहिलेला आहे आणि गोच्या रेजेक्समध्ये (नमुने जुळवायच्या पद्धतीत) ती सीमा फक्त रोमन अक्षरांना कळते. देवनागरी शब्दाभोवती तिच्यावर भरवसा ठेवू नका. शिवाय 'ॲ' काही कीबोर्ड एक चिन्ह म्हणून लिहितात, काही 'अ' आणि चंद्र अशी दोन. डोळ्याला सारखंच दिसतं, नमुन्याला नाही.

एवढं सगळं बघता माझं मत असं: गाळण्या कमीत कमी ठेवा. शुभ सकाळ पोचली तर कुणाचं काही बिघडत नाही. डाऊनीचा फोटो अडला तर बिघडतं.

आयआरसीवर मेसेजच्या लांबीइतकाच वेगही बघावा लागतो. पूर येऊ नये म्हणून मॅटरब्रिज दोन मेसेजमध्ये १३०० मिलिसेकंद थांबतो आणि रांगेत ३० मेसेज ठेवतो. रांग भरली की पुढचे सोडून देतो. टेलिग्रामवरचा बारा ओळींचा सल्ला आयआरसीवर बारा मेसेज होतो, म्हणजे तो पोचायलाच सोळा सेकंद. तीन सल्लागार एकाच वेळी बोलले की रांग संपली. हे आकडे वाढवायचा मोह टाळा, आयआरसीचा सर्व्हर पूर आणणाऱ्याला सरळ बाहेर काढतो. 'बाग' आणि 'यंत्र' वेगळे केले की हा प्रश्न मुळात उरत नाही: आयआरसीवर फक्त दुरुस्तीची खोली जाते, तिथे ओळी छोट्या असतात आणि अर्ध्याअधिक इंग्रजीत. आयआरसीचं खातं लिबेरा या नेटवर्कवर असेल तर पोर्ट ६६९७, टीएलएस (कूटबद्ध जोडणी) चालू, आणि बॉटच्या नावाची नोंदणी करून एसएएसएलने लॉगिन. एवढं पुरे.

फोटो. मॅटरब्रिज सुरुवातीला १०,००,००० बाइटांपेक्षा, म्हणजे साधारण एक एमबीपेक्षा मोठी फाइल उचलत नाही. टेलिग्रामवर फोटो फोटो म्हणून पाठवला तर दाबला जातो आणि बहुधा बसतो. पण तुमच्या सल्लागारांनीच सगळ्यांना "फाइल म्हणून पाठवा, पानाच्या खालची पांढरी बुरशी स्पष्ट दिसली पाहिजे" असं सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे. ती फाइल चार-पाच एमबीची असते. 'मीडिया डाउनलोड साइझ' वाढवून आठ-दहा एमबी करा. टेलिग्राम बॉटला २० एमबीपर्यंतच फाइल उतरवू देतो, त्यामुळे त्यापलीकडे नेऊन उपयोग नाही. शेतात काढलेला व्हिडिओ त्यापुढे जाईल, तो नाही पोचला तरी चालेल.

फोटो जात नाहीत म्हणून कुणीतरी 'यूज इनसिक्युअर यूआरएल' चालू करा म्हणून सांगेल. करू नका. त्याने फाइलऐवजी लिंक जाते आणि त्या लिंकमध्ये तुमच्या बॉटचं टोकन उघडं लिहिलेलं असतं. ज्याच्याकडे टोकन, त्याचा बॉट. आयआरसीवर फोटो दाखवायचे असते तर स्वतःचा छोटा वेब सर्व्हर लागला असता, पण 'बाग' गेटवे तिकडे जातच नाही. टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड दोन्ही फाइल थेट घेतात. आणखी एक, 'मीडिया डाउनलोड ब्लॅकलिस्ट' मध्ये एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइली बंद करा. लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीकेंनी किती जणांची खाती रिकामी केली हे वेगळं सांगायला नको. तुमचा बॉट तरी त्यांची ने-आण करणारा नसावा.

आता ज्या गोष्टीचा तुम्ही प्रश्नात उल्लेखच केला नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. खोडलेले आणि बदललेले मेसेज. समजा सल्लागारांनी घाईत "लिटरला २ ग्रॅम" ऐवजी "२० ग्रॅम" लिहिलं. लक्षात आल्यावर त्यांनी मेसेज संपादित केला, तर टेलिग्राम बॉटला तसं कळवतो आणि डिस्कॉर्डवरचा मेसेजही बदलतो. आयआरसीवर बदलायची सोयच नाही, तिथे दुरुस्त मेसेज नवा म्हणून खाली येतो आणि जुनाही वर राहतो. पण त्यांनी संपादन न करता मेसेज सरळ खोडला, तर टेलिग्राम साध्या बॉटला ते कळवतच नाही. टेलिग्रामवरून २० ग्रॅम गायब, डिस्कॉर्डवर ते कायमचे. कुठल्याही सेटिंगने हे सुटत नाही. म्हणून सल्लागारांना एकच शिस्त घालून द्या: चुकलं तर खोडू नका, संपादित करा, आणि खाली "वरचं प्रमाण दुरुस्त केलंय" असं वेगळं लिहा. 'एडिट सफिक्स'मध्ये 'दुरुस्त' असा शब्द टाका, म्हणजे बदललेला मेसेज ओळखू येईल.

याउलट तुमच्या मुलांना जे अवघड वाटतंय, म्हणजे हवामान केंद्राचे आकडे दोन्हीकडे टाकणं, ते फारच सोपं आहे. त्यासाठी ते प्रत्येक नेटवर्कचा वेगळा बॉट लिहायला निघालेत. मॅटरब्रिजमध्ये 'एपीआय' नावाचं खातं असतं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने मेसेज आत टाकायचं दार. ते १२७.०.०.१ वर (त्याच सर्व्हरचा आतला पत्ता) एखाद्या पोर्टला ऐकत ठेवायचं, टोकन द्यायचं आणि गेटवेमध्ये इतरांसारखंच जोडायचं. त्याच्या चॅनेलचं नाव 'एपीआय'. मग केंद्राचे आकडे गोळा करणारी स्क्रिप्ट मजकूर, नाव आणि गेटवे एवढ्या तीन गोष्टींचं जेसन एका पोस्ट विनंतीने पाठवते, आणि मेसेज टेलिग्राम व डिस्कॉर्ड दोन्हीकडे "केंद्र ३" या नावाने दिसतो. पत्त्याच्या जागी चार शून्यं लिहू नका, नाहीतर ते दार जगाला उघडं राहील. स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर असेल तर १२७ पुरतं. आणि दर दहा मिनिटांचं तापमान गटात ओतू नका. आर्द्रता आणि पान ओलं राहण्याचा वेळ सल्लागारांनी ठरवलेल्या मर्यादेपुढे गेला तरच मेसेज, आणि पहाटे एकदा रात्रीचा गोषवारा. रोज दीडशे आकडे आले की तिसऱ्या दिवशी शेतकरी गट म्यूट करतात, आणि मग खरा इशाराही कुणी बघत नाही. बिघाडाचे मेसेज 'यंत्र'ला, रोगाच्या हवामानाचे 'बाग'ला: स्क्रिप्टमध्ये फक्त गेटवेचं नाव बदलतं.

व्हॉट्सॲप. मॅटरब्रिज व्हॉट्सॲपला जोडतो, हे खरं. पण तो तुमच्या फोनला लिंक केलेलं एक उपकरण असल्याचं भासवून जोडतो, 'व्हॉट्समिओ' नावाच्या अनधिकृत लायब्ररीतून. परवान्याच्या कारणाने हा भाग तयार बायनरीत (लगेच चालवता येणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये) नसतो, गो बसवून स्वतः बांधावा लागतो. मग टर्मिनलवर क्यूआर कोड येतो तो फोनने स्कॅन करायचा. फोन चौदा दिवस वापरात राहिला नाही की लिंक तुटते. व्हॉट्सॲपने आतलं काही बदललं की जुनी प्रत "क्लायंट जुना झाला" म्हणून बाहेर काढली जाते, आणि मूळ प्रकल्पाची १.२६.० ही आवृत्ती २०२३ ची आहे, हे लक्षात घ्या. हे सगळं निभावता येईल. निभावता येणार नाही ते वेगळंच: असं स्वयंचलित वापरणं व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाही आणि नंबर बंद होऊ शकतो. तो नंबर कुणाचा असणार? गटाच्या ॲडमिनचा, ज्यावर त्याचे व्यापारी, मुकादम आणि घरचे सगळे आहेत. युरोपीय संघात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे व्हॉट्सॲपला इतर ॲपशी जोडणी द्यावी लागते आहे. ती सोय आपल्याकडे नाही.

म्हणून माझा सल्ला: गावाचा गट जोडू नका. पहाटेचा गोषवारा कुणीतरी एक जण टेलिग्रामवरून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करेल. दोन मिनिटांचं काम आहे, आणि शहाणा माणूस ते करताना "आज खालच्या वाडीकडे जास्त जपा" अशी एक ओळ जोडेल, जी बॉटला कधी सुचणार नाही. तरीही हट्टच असेल तर वेगळं सिमकार्ड घ्या, ज्यावर बँक किंवा यूपीआय नाही. व्हॉट्सॲपला गेटवेत फक्त 'आउट' ठेवा. आणि तो नंबर गटाचा एकमेव ॲडमिन करू नका, नाहीतर बंद पडल्या दिवशी गट अनाथ होईल.

कुणीतरी तुम्हाला मॅट्रिक्स ही खुली चॅट पद्धतही सुचवलीय: स्वतःचा सर्व्हर, त्याला व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामशी जोडणारे 'मॉट्रिक्स' नावाचे पूल. ती मांडणी जास्त सुंदर आहे, माणसं बाहुलीरूपाने दोन्हीकडे हजर दिसतात. पण तो सर्व्हर, डेटाबेस आणि त्याचे अपडेट सांभाळायला कायम माणूस लागतो. तुमची चारही मुलं पुढच्या मे महिन्यात शेवटचं वर्ष संपवून बाहेर पडतील. मॅटरब्रिज ही एक बायनरी आणि एक फाइल आहे. ती सांभाळणारा मिळणं सोपं.

बसवायची जागा: बागेतल्या मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पाय (हातभर नसलेला छोटा संगणक) नको, तिथल्या विजेचं वेळापत्रक तुम्हालाच ठाऊक. छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, याला मेमरी फार लागत नाही. बॉटसाठी वेगळा युजर, फाइल फक्त त्यालाच वाचता येईल अशी, आणि सिस्टिमडी सेवा, जी पडली की आपोआप उठेल. टोकन फाइलमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंटमधूनही देता येतात. मुलं फाइल गिटहबवर ठेवणार असतील तर तसंच करा.

सुरू करताना सगळं एकदम चालू करू नका. आधी टेलिग्रामवर तिघांचा चाचणी गट आणि डिस्कॉर्डवर चाचणीची खोली, डीबग पर्याय लावून टर्मिनलमध्येच चालवा. चार गोष्टी पाठवून बघा: पन्नास शब्दांचा मराठी मेसेज, फाइल म्हणून पाठवलेला फोटो, संपादित केलेला मेसेज आणि एखाद्या मेसेजला दिलेलं उत्तर. हे चार नीट गेले की खरा 'बाग' गेटवे जोडा. 'यंत्र' आठवडाभराने. गोडी छाटणीच्या आधी हे स्थिर झालेलं असू द्या, ऐन पावसात सेटिंग बदलत बसायला कुणाला फुरसत नसते.

दोन्ही गटांत एक मेसेज पिन करा: इथलं लिहिलेलं कुठल्या खोलीत दिसतं, ते कोण सांभाळतं, आणि बॉट वेड्यासारखा वागला तर कुणाला फोन करायचा. सर्व्हरवर जाऊन सेवा थांबवता येईल अशी किमान दोन माणसं ठेवा, आणि त्यातला एक जण कॉलेजचा नसावा.